घड्याळ पावलं मोजत नाही, मग मोजतं तरी काय?

मी आणि शेजारची मैत्रीण, आम्ही दोघी रोज सकाळी साडेपाचला घरातून निघतो, मेहरूण तलावाकडे जातो आणि ऊन चढायच्या आत परत येतो, कारण जळगावचं ऊन माहितीये ना, एप्रिल लागला की साडेसातनंतर बाहेर पाय ठेवावासा वाटत नाही. रस्ता दोघींचा एकच, सोबत निघतो, सोबत परततो, मोबाईलच्या नकाशावर मोजलं तर जाऊन-येऊन ४ किलोमीटर. आणि तरी रोज गेटपाशी आलो की तिच्या स्मार्ट घड्याळात ६,३०० च्या वर पावलं आणि माझ्यात ५,८०० च्या आसपास. ती म्हणायची तुझं घड्याळ कमी मोजतं, मी म्हणायचे तुझं जास्त मोजतं, आणि हे जवळजवळ दोन महिने चाललं.

मग एका रविवारी कॉलनीच्या रस्त्यावर खडूने रेघ मारली, दोघी नेहमीच्या चालीने बरोब्बर २० पावलं चाललो आणि टेपने अंतर मोजलं. माझी २० पावलं १३ मीटर ८० सेंटीमीटरची भरली, तिची १२ मीटर ६० ची. म्हणजे माझं एक पाऊल ६९ सेंटीमीटर, तिचं ६३. मी साडेपाच फूट, ती पाच फुटाच्या जरा खाली-वर, तेवढा फरक पडणारच. आता ४ किलोमीटरला भागून बघा, मला ५,८०० पावलं लागतात आणि तिला ६,३५०. म्हणजे दोन्ही घड्याळं बरोबर होती, फरक घड्याळात नव्हताच, आमच्या पायांत होता.

हे आधी सांगायचं कारण असं की पावलांचा आकडा जुळला नाही की लोक लगेच घड्याळाला दोष देतात, आणि अर्ध्या वेळा ती चूक नसतेच. पण अर्ध्या वेळा असते, आणि ती कुठून येते हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्या चुकीचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही, आणि माझ्या घरात तो ज्या माणसाला झाला त्याच्यामुळेच मी हे लिहायला बसले.

त्या रविवारनंतर उत्सुकतेने मी तिचं घड्याळ पण मागून घेतलं आणि दोन्ही हातात दोन घड्याळं घालून तलावावर गेले. शरीर एक, पाय तेच, रस्ता तोच. घरी आल्यावर एकात ५,७९०, दुसऱ्यात ५,३१०. आता इथे उंचीचं कारण चालत नाही. जवळजवळ ५०० पावलं गेली कुठे?

तर मुळातली गोष्ट ही की मनगटावरच्या घड्याळाला तुमचे पाय दिसत नाहीत. त्याला जमीन माहीत नाही, चप्पल माहीत नाही, तुम्ही चालताय की भाकरी थापताय हेही त्याला माहीत नाही. त्याला कळतात फक्त हाताचे झटके. त्या झटक्यांवरून ते अंदाज बांधतं की हे चालणं असावं, आणि त्या अंदाजाला आपण मोजणी म्हणतो.

झटके कळतात कसे, तर आत एक बारीक चिप असते, साधारण बाजरीच्या दाण्याएवढी, तिला ॲक्सेलरोमीटर म्हणतात. नाव अवघड आहे पण काम तुम्ही रोज एसटीत बघता. उभ्याने प्रवास करताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो, गाडी एकदम सुटली की मागे रेलतो, वळणावर बाजूला कलंडतो. आता समजा गाडीच्या काचा बंद आहेत, बाहेरचं काहीच दिसत नाही, तरी उभ्या माणसांच्या झुकण्यावरून तुम्ही सांगू शकता की गाडीला ब्रेक लागला का आणि किती जोरात लागला. चिपमध्ये असाच एक "उभा प्रवासी" असतो, सिलिकॉनचा इवलासा तुकडा, केसाहून बारीक स्प्रिंगांवर लटकवलेला. त्याला कंगव्यासारखे दात असतात आणि ते समोरच्या पक्क्या बसवलेल्या दातांमध्ये अडकवल्यासारखे असतात पण एकमेकांना टेकत नाहीत. हात हलला की तुकडा सरकतो, दातांमधली फट कमी-जास्त होते, त्याने वीज साठवायची क्षमता बदलते, आणि तो बदल मोजून घड्याळाला कळतं की झटका किती आणि कुठल्या दिशेला. हे पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे अशा तिन्ही दिशांना, सेकंदाला बऱ्याच वेळा चालू असतं.

इथपर्यंत सगळ्या कंपन्यांचं सारखंच. या चिपा आता इतक्या चांगल्या झाल्यात की झटका मोजण्यात घोळ सहसा होत नाही. घोळ पुढे होतो, त्या झटक्यांचा अर्थ लावताना.

चालताना या झटक्यांचा आलेख काढला तर लाटा दिसतात, वर-खाली, वर-खाली, बऱ्यापैकी एकसारख्या. आपण नेहमीच्या चालीने मिनिटाला १०० ते १२० पावलं टाकतो, म्हणजे सेकंदाला दोनच्या आसपास. घड्याळातला प्रोग्राम मग काय करतो, तर आधी फालतू थरथर गाळून टाकतो, मग लाटेचं टोक शोधतो, ते टोक ठरावीक उंचीच्या वर आहे का बघतो, आधीच्या टोकापासून पुरेसं अंतर आहे का बघतो, आणि सगळं जुळलं की एक पाऊल धरतो. त्यातही बहुतेक घड्याळं लगेच मोजत नाहीत, आठ-दहा टोकं एका लयीत सलग आली तरच "हा, हे चालणं आहे" असं मानतात आणि मग मागची आठ-दहा पावलं पण एकदम जमा करतात. करून बघा हवं तर, चार पावलं चाला, थांबा, परत चार पावलं चाला, थांबा. खूपशा घड्याळांत आकडा हलतच नाही.

लयीचं हे महत्त्व मला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नीट कळलं. माहेरी अमळनेरला गेले होते, अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, मी पण बसले, चांगला अर्धा तास खेळले, हात दोरीला धरलेले आणि अख्खं शरीर मागे-पुढे. वाटलं आता घड्याळ हजार-दोन हजार पावलं दाखवेल. एकही नाही. कारण सोपं आहे, दहा-बारा फुटी दोरीचा झोका जाऊन परत यायला साडेतीन सेकंदांच्या आसपास लागतात, इतकं सावकाश कोणी चालत नाही, म्हणून प्रोग्रामने ती लाट बाजूला टाकली. पण तेच भरीत करताना बघा. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होती, भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचायला मी बसले, ठक ठक ठक ठक, सेकंदाला दोन ठोके, एकसारखे, जोरकस. उठले तेव्हा घड्याळात ७०० पावलं वाढलेली, आणि मी जागची हलले नव्हते. प्रोग्रामच्या दृष्टीने बघितलं तर त्याची चूक नाही, लय चालण्याची, जोर चालण्याचा, अजून काय बघणार ते बिचारं. कणीक तिंबताना, कपडे धुताना, टाळ्या वाजवत आरती म्हणताना, खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीवर मागे बसून जाताना, कमी-जास्त प्रमाणात हेच होतं.

आता कंपन्यांत फरक कुठे पडतो ते लक्षात येईल. धान्य चाळायची चाळणी डोळ्यासमोर आणा. भोकं मोठी ठेवली तर धान्याबरोबर खडे पण खाली पडतात, बारीक ठेवली तर खडे अडकतात पण बरेच चांगले दाणेही वरच राहतात. पावलांचं तसंच आहे. लाटेची उंची किती असली तर पाऊल धरायचं, किती पावलं सलग हवीत, लय किती पक्की हवी, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते आणि ते गुपित ठेवते. एकीने चाळणी मोठ्या भोकांची ठेवली तर तिच्या घड्याळात भरिताची पण पावलं होतात, दुसरीने बारीक ठेवली तर तिच्यात घरातल्या घरात केलेली अर्धी चाल गायब होते. बिनचूक चाळणी कोणाकडेच नाही, एक चूक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. आणि हो, सॉफ्टवेअर अपडेट आलं की चाळणी बदलू शकते, तेव्हा अपडेटनंतर एकदम आकडे वर-खाली झाले तर लगेच स्वतःला दोष देऊ नका.

माझी ती ५०० पावलं अशीच गेली होती. ज्या घड्याळात कमी दिसली ते उजव्या हातात होतं, आणि येताना मी उजव्या हातात दुधाची पिशवी धरून आले होते. पिशवी धरलेला हात झुलत नाही.

मनगट ही मुळात पावलं मोजायला अवघडच जागा आहे. चालताना मनगटाला दोन गोष्टी जाणवतात, एक म्हणजे पाय जमिनीवर पडल्याचा हादरा, जो दर पावलाला येतो पण पायापासून मनगटापर्यंत येईस्तोवर फार बारीक होतो, आणि दुसरी म्हणजे हाताचं झुलणं, जे जोरात असतं पण हात एकदा पुढे जाऊन मागे येईपर्यंत दोन पावलं होऊन जातात. या दोन्हींची सांगड घालून आकडा काढायचा असतो. हात खिशात घातला, ट्रेडमिलचा दांडा धरला, बाळाची गाडी ढकलली, डोक्यावर घमेलं धरलं की झुलणं संपलं, राहिला फक्त तो बारीक हादरा, आणि काही घड्याळं तिथेच हरतात. कमरेला लावायचं जुन्या पद्धतीचं यंत्र या बाबतीत जास्त भरवशाचं, कारण कंबर प्रत्येक पावलाला वर-खाली होते, हात काही का करेना. पँटच्या खिशातला मोबाईल पण याच कारणाने चांगला मोजतो. पण मोबाईलची अडचण वेगळी, तो खिशात असला तर मोजेल ना. साडीला खिसा नसतो, बऱ्याच ड्रेसना पण नसतो, आम्हा बायकांचा मोबाईल दिवसभर ओट्यावर नाहीतर चार्जिंगला, आणि आम्ही स्वयंपाकघर ते अंगण ते गच्ची अशा फेऱ्या मारत असतो. त्या पावलांची नोंद कुठेच नाही. संध्याकाळी नवऱ्याच्या मोबाईलमध्ये ७,००० आणि बायकोच्या मोबाईलमध्ये १,२०० दिसले म्हणजे बायको दिवसभर बसून होती असं कोणी समजू नये, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

कापूस वेचणाऱ्या बायांचा विचार करा. आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे शेतं पांढरी होतात, सकाळपासून बाया ओळीने वेचत जातात, दोन पावलं पुढे, थांबल्या, दोन्ही हातांनी बोंडं वेचली, परत एक पाऊल, परत थांबल्या, कमरेला कापसाचं ओझं बांधलेलं. दिवसभर पायावरच. त्यांच्या हातात घड्याळ बांधलं तर सलग दहा पावलांची अट कधी पूर्णच होणार नाही, आणि वेचणाऱ्या हातांची हालचाल मधेच कधीतरी पावलं म्हणून धरली जाईल, म्हणजे कमी पण चुकीचं आणि जास्त पण चुकीचं. ही यंत्रं सपाट रस्त्यावर, मोकळ्या हाताने, एका चालीत, व्यायाम म्हणून चालणाऱ्या माणसाला चांगली ओळखतात. काम म्हणून चालणाऱ्याला नाही.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या लोकांनी केलेली एक चाचणी २०१५ मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. १४ निरोगी माणसं, ट्रेडमिल, वेग ताशी ३ मैल म्हणजे पावणेपाच-पाच किलोमीटर, आणि ५०० व १५०० पावलं समोर बसून मोजलेली. मोबाईलची ॲप्स खऱ्या आकड्याच्या साधारण ७ टक्के खाली ते ६ टक्के वर अशी होती. अंगावर लावायची यंत्रं दीड टक्का कमी ते जवळजवळ २३ टक्के कमी. त्यानंतर यंत्रं बरीच सुधारली हे खरं, पण यातली एक गोष्ट बघा, हे सगळं चांगल्या वेगाने चालणाऱ्या धडधाकट माणसांचं आहे, परीक्षेतला सोपा पेपर म्हणा. जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्रांसाठी सरकारी मानकच आहे, १०० पावलांत ३ हून जास्त चूक चालत नाही. आपण दुकानात घड्याळ घेताना रंग बघतो, बॅटरी किती दिवस चालते विचारतो, पावलं किती बरोबर मोजतं हे विचारतो का कधी? मी तरी विचारलं नव्हतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहिते आहे ती.

माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, वय ७६, मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलं होतं की वॉकर घेऊन थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा चालायचंच. नानांना उत्साह वाटावा म्हणून मी त्यांना हातातला एक बँड घेऊन दिला, मोबाईलला जोडून दिला, ऑपरेशननंतर माणूस रोज आपली प्रगती बघेल अशी माझी कल्पना. आठ-दहा दिवसांनी आईचा फोन आला की नाना चालायला तयार नाहीत. मी त्यांना फोन घ्यायला लावला तर म्हणाले, "माय, हाई घडी तं सांगस मी चालनूच नही." दिवसभर वॉकर घेऊन आतल्या खोलीपासून ओट्यापर्यंत फेऱ्या मारायचे, घाम निघायचा, आणि संध्याकाळी बँडवर १८०, २१२ असे आकडे. त्यांना वाटलं आपलं चालणं म्हणजे काहीच नाही, मग कशाला जीव काढायचा.

मी त्याच शनिवारी अमळनेरला गेले आणि त्यांच्या मागे मागे चालत पावलं मोजली. एका फेरीला ४० पावलं. दिवसाच्या २५ फेऱ्या. म्हणजे १,००० पावलं. बँडने दाखवली २१२. पाचातली चार पावलं त्याने खाल्ली होती.

वर सांगितलेलं सगळं इथे एकत्र लागू होतं. दोन्ही हात वॉकरच्या दांड्यावर, म्हणजे झुलणं शून्य. पाऊल हळू आणि जवळजवळ घासत, म्हणजे हादरा नावापुरता. प्रत्येक दोन-तीन पावलांनंतर वॉकर उचलून पुढे ठेवायचा, म्हणजे लय तुटली, सलग दहा पावलं कधी होणारच नाहीत. सावकाश चालणाऱ्यांची पावलं मनगटावरची यंत्रं कमी मोजतात हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे, काठी-वॉकर असला तर आणखी कमी. आणि मला वाईट याचंच वाटतं, की ज्या माणसासाठी एकेक पाऊल म्हणजे खरी कमाई आहे, त्याचंच पाऊल हे यंत्र धरत नाही, आणि माझ्यासारखीचं, जिला तलावाच्या फेरीचं काही वाटतही नाही, तिचं भरीत पण मोजतं. दोष नानांचा नव्हता आणि एका परीने बँडचाही नव्हता, मी तो न समजून घेता त्यांच्या हातात बांधला होता, हे मला तेव्हा कळलं.

उपाय काय केला ते सांगते, कोणाच्या घरी असं माणूस असेल तर कामी येईल. मनगटावरचा बँड काढून घोट्यावर बांधला, मोज्याच्या वर, फार घट्ट नाही. पायाला झटका थेट मिळतो, तो हाताला आहे की पायाला आहे याच्याशी चिपला घेणंदेणं नसतं. सावकाश चालणाऱ्या रुग्णांवर संशोधन करणारे लोक तर घोट्यावर लावायची खास यंत्रंच वापरतात, कारण तिथे ती सगळ्यात कमी चुकतात. नानांच्या १,००० पावलांपैकी ९०० च्या वर बँडने धरली. सगळेच बँड घोट्यावर नीट चालतील असं नाही, आणि नाडीचे ठोके तिथे बरोबर दिसणार नाहीत, त्यामुळे आधी मोजून बघायचं.

मोजून बघणं अगदी सोपं आहे. सपाट रस्ता घ्या, घड्याळातला आकडा लिहून ठेवा, मनात मोजत बरोब्बर २०० पावलं चाला, अर्धा मिनिट थांबा कारण काही घड्याळं आकडा उशिरा दाखवतात, आणि फरक बघा. असं तीनदा करा. २०० ची १९४ ते २०६ आली तर घड्याळ उत्तम, १८० ते २२० पर्यंत रोजच्या वापराला चालतं. मग तेच पिशवी धरून करा, घरातल्या घरात करा, हळू चालून करा. आपलं घड्याळ कुठे खातं आणि कुठे फुगवतं हे एका सकाळी कळून जातं. सेटिंगमध्ये डावा हात की उजवा, कामाचा हात की दुसरा असं विचारलेलं असतं, ते पण खरं भरा, कारण कामाचा हात दिवसभर जास्त हलतो आणि त्या हिशोबाने काही घड्याळं चाळणी बदलतात. पट्टा ढिला ठेवू नका, घड्याळ मनगटावर वेगळंच उड्या मारतं. मोबाईल आणि घड्याळ दोन्ही एकाच ॲपला जोडलेले असतील तर दोघांची बेरीज तर होत नाहीये ना, तेही एकदा तपासा. चांगली ॲप्स कोणाचा आकडा आधी धरायचा हे ठरवून एकच घेतात, पण सगळीच नाही.

किलोमीटर आणि कॅलरी यांच्याबद्दल थोडक्यात. जीपीएस चालू नसेल तर घड्याळ पावलांना तुमच्या पावलाच्या लांबीने गुणतं, आणि ती लांबी तुम्ही भरलेल्या उंचीवरून काढलेली असते, उंचीच्या साधारण ४१ टक्के. म्हणजे १६५ सेंटीमीटर उंचीला ६८ सेंटीमीटर, १०,००० पावलं म्हणजे पावणेसात-सात किलोमीटर. नानांचं पाऊल ३० सेंटीमीटरचं आहे, त्यांचं अंतर मग दुप्पट दिसतं. कॅलरीचं तर विचारूच नका, स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१७ मध्ये ७ यंत्रं ६० माणसांवर तपासली, नाडी बहुतेकांनी ठीक मोजली, पण कॅलरीत सगळ्यात कमी चुकणारं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात जास्त चुकणारं ९३ टक्के. घड्याळाने ४०० कॅलरी दाखवल्या म्हणून शेवभाजीची अजून एक वाटी घेणार असाल तर चव आवडते म्हणून घ्या, घड्याळाच्या भरवशावर नको.

आणि ते १०,०००. नानांच्या बँडवर पण तेच लक्ष्य आधीपासून लावलेलं होतं, गुडघा बदललेल्या ७६ वर्षांच्या माणसाला. हा आकडा बहुधा एका यंत्राच्या नावातून आलेला आहे. १९६४ ला टोकियोत ऑलिम्पिक झालं, जपानमध्ये व्यायामाची हवा तयार झाली, आणि १९६५ मध्ये तिथल्या एका घड्याळ कंपनीने कमरेला लावायचं यंत्र बाजारात आणलं, नाव ठेवलं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. जपानी लिपीत दहा हजारचं अक्षर चालणाऱ्या माणसासारखं दिसतं, त्यामुळे पण ते चपखल बसलं असं म्हणतात. तिथून तो आकडा जगभर गेला आणि आता प्रत्येक घड्याळात बसलाय. नंतर २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७४१ बायकांचा अभ्यास छापला. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे आकडा वाढवून त्या बाबतीत फारसा फरक दिसला नाही. फक्त एक लक्षात घ्या, त्या बायकांनी यंत्र कमरेला लावलं होतं. म्हणजे तिथले ४,४०० आणि तुमच्या मनगटावरचे ४,४०० हे एकाच मापाने मोजलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने तर पावलांचा आकडा दिलेलाच नाही, ती मिनिटं सांगते, मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल. मिनिटं साध्या भिंतीवरच्या घड्याळात पण बरोबर मोजता येतात.

म्हणून ऑफिसात, कॉलनीत ते पावलांच्या स्पर्धा ठेवतात ना, त्या मला पटत नाहीत. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, चाळणी वेगळी, उंची वेगळी, मग हरला कोण आणि जिंकला कोण. तुमच्या घड्याळाची चूक साधारण रोज सारखीच असते, त्यामुळे मागच्या आठवड्यातल्या तुमच्याशी आजच्या तुमची तुलना केली तर ती बरोबर निघते. मैत्रिणीशी केली तर नाही. आम्ही दोघींनी आता गेटपाशी आकडे सांगणं बंद केलंय, एकत्र चालतो तेवढं पुरे.

नानांच्या बँडचं लक्ष्य मी १०,००० वरून ८०० वर आणून ठेवलं. पण खरं काम केलं ते आईने. तिने ओट्यावर दोन वाट्या ठेवल्या, एकीत चिंचोके भरले. नाना ओट्यापर्यंत आले की एक चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकतात, तेवढंच क्षणभर थांबणंही होतं. वाटीला चाळणी नाही, हळू आलं तरी चिंचोका पडतोच. बँड घोट्यावर असतो, रात्री दोन्हींचा हिशोब ताडून बघतात आणि बँड कमी निघाला की मला फोन करून सांगतात. काल सांगितलं, ३८ चिंचोके, आणि शेवटच्या चार फेऱ्या वॉकर बाजूला ठेवून नुसत्या काठीवर.